वर्गणी देशाची, वाचायला बसणार कोण?

खारघरच्या ॲक्ट्रेकचा टपालाचा पत्ता कधी नीट वाचला आहे का? सेक्टर २२, उत्सव चौक-सीआयएसएफ रोड, ओवे कॅम्प, खारघर. टाटा मेमोरियल सेंटरची ही कर्करोग संशोधनाची संस्था केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली चालते. सुमारे ६० एकरांचा परिसर, आत प्रयोगशाळा, रुग्णालय, पीएचडी करणारी मुले-मुली. इथल्या संशोधकांचा पेपर परदेशी जर्नलमध्ये छापून आला की नावाखाली पत्ता येतो आणि त्या पत्त्यात आमच्या ओव्याचे नाव असू शकते. आम्हा गावकऱ्यांना याचे अप्रूप आहे, नाही असे नाही.

पण तोच पेपर ओवे गावात राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला वाचता येईलच, याची खात्री नाही. ती कुठल्या कॉलेजात शिकते यावर ते ठरते. आणि हे आता नुसते नशिबावर सोडलेले नाही, ते देशाच्या धोरणात लिहिलेले आहे.

माझी भाची एका खासगी कॉलेजात एम.फार्म. करते. तिच्या प्रबंधाचा विषय तोंडाच्या कॅन्सरवरच्या औषधांशी संबंधित आहे. बंदी असूनही टपरीटपरीवर गुटखा मिळतो अशा पट्ट्यात राहणाऱ्या मुलीने हा विषय घ्यावा, यात नवल काहीच नाही. एके रात्री तिचा फोन आला, "मामू, तुमच्या कार्डावरून एक पेपर विकत घेता येईल का?" किंमत पाहिली तर ३५ डॉलर, म्हणजे तीन हजार रुपयांच्या घरात. बारा पानांच्या एका पीडीएफचे! तिला असे साठ-सत्तर पेपर चाळायचे होते. त्यातला कुठला कामाचा आणि कुठला नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. दुकानदार कापड तरी हातात घेऊ देतो, इथे तेही नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारले तर उत्तर मिळाले की अभ्यासक्रमाची पुस्तके आहेत, जर्नलची वर्गणी परवडत नाही.

आता धोरणाकडे वळू. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. सोप्या भाषेत सांगायचे तर आजवर प्रत्येक विद्यापीठ, प्रत्येक संस्था आपापली वर्गणी भरून जर्नल घ्यायची, ती वर्गणी आता सगळ्यांच्या वतीने केंद्र सरकार एकदाच भरणार. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० ई-जर्नल, ६,३०० हून अधिक संस्था आणि १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक. अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे.

मी या योजनेला नावे ठेवायला बसलेलो नाही. गडचिरोलीच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आणि आयआयटी पवईतल्या मुलाला एकच कपाट उघडून मिळणे ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी श्रीमंत संस्थेकडे जर्नल असायचे आणि गरीब संस्थेकडे नसायचे, ती दरी यातून कमी होते. वेगवेगळ्या खात्यांच्या संस्था तोच माल दहादा विकत घेत होत्या, तेही थांबेल.

अडचण पात्रतेच्या ओळीत आहे. केंद्र आणि राज्य सरकारे चालवत असलेल्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, एवढ्यांनाच हे कपाट उघडे आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेज त्यात बसत नाही. खासगी संस्था आणि सार्वजनिक ग्रंथालये पुढच्या टप्प्यांत येतील, असे सांगितले गेले.

जरा हिशेब करू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी शिकत होते. योजनेचे लाभार्थी १.८ कोटी, आणि त्यातही प्राध्यापक-संशोधक धरलेले. म्हणजे अडीच कोटींहून अधिक मुले-मुली दाराबाहेर. देशातल्या दहापैकी जवळपास आठ कॉलेजे खासगी व्यवस्थापनाची आहेत. हा अपवाद राहिला नाही, बहुसंख्य विद्यार्थी इथेच आहेत.

महाराष्ट्रात तर ही ओळ जास्तच बोचते, कारण आपल्याकडे उच्च शिक्षण सरकारने उभारलेलेच नाही, ते ट्रस्टांनी आणि शिक्षण संस्थांनी उभारले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्याच संस्थेचे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली, तिचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आज नवीन पनवेलमध्ये आहे. खारघर, बेलापूर, पनवेल या पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग, फार्मसी, आर्किटेक्चर कॉलेजांची नावे डोळ्यांसमोर आणा. बहुतेक सगळी कुठल्या ना कुठल्या संस्थेची. आमच्या मोहल्ल्यातली मुले तिथेच जातात, कारण सरकारी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यासाठी लागणारे मार्क मिळवून देणारे क्लास परवडत नाहीत. बाप रिक्षा चालवून किंवा आखातात राबून लाखभर फी भरतो, आणि धोरणाच्या कागदावर तो 'खासगी' क्षेत्रातला ग्राहक ठरतो. त्याने भरलेल्या जीएसटीतूनही ती सहा हजार कोटींची वर्गणी जाते, हे मात्र कुणी लिहीत नाही.

माणशी किती पडते तेही पाहा. वर्षाला २,००० कोटी भागिले १.८ कोटी, म्हणजे डोक्यामागे साधारण १,१०० रुपये. उरलेल्या अडीच कोटींनाही याच दराने सामील करायचे म्हटले तर आणखी २,८०० कोटी लागतील, असा युक्तिवाद कुणी करेल. पण जर्नल म्हणजे तांदळाचे पोते नव्हे. संगणकावर आधीच ठेवलेली फाइल आणखी एकाने उघडली तर प्रकाशकाचा खर्च जवळपास शून्य वाढतो. इतका मोठा ग्राहक, तोही रोख पैसे घेऊन दारात उभा असताना, 'आमचे सगळे विद्यार्थी यात घ्या' हे म्हणण्याची ताकद भारत सरकारकडे होती. ती किती वापरली गेली, हे विचारायला हवे.

हा धंदा चालतो कसा हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते, त्यामुळे राग येत नाही. संशोधनाला पैसा सरकार देते, म्हणजे जनता देते. संशोधक पेपर लिहितो, त्याला प्रकाशकाकडून मानधन नाही. तो पेपर तपासणारे दुसरे प्राध्यापक असतात, तेही सहसा फुकट तपासतात. मग लेखक आपले हक्क प्रकाशकाच्या नावे करून देतो आणि प्रकाशक तोच पेपर लेखकाच्या विद्यापीठाला वर्गणी लावून विकतो. शेतकऱ्याने आपलाच माल दलालाकडून चढ्या भावाने विकत घ्यावा, तशातला प्रकार. गेल्या काही वर्षांत याची दुसरी बाजूही उघडली. पेपर सगळ्यांना मोफत वाचता यावा असे वाटत असेल तर लेखकाने छपाईचे शुल्क भरायचे. 'नेचर' या नियतकालिकाने हे शुल्क सुरू केले तेव्हा ते ९,५०० युरो होते, म्हणजे नऊ-साडेनऊ लाख रुपये. आपल्याकडे जेआरएफ मिळालेल्या संशोधकाला महिना ३७,००० रुपये मिळतात. त्याची दोन वर्षांची सगळी फेलोशिप दिली तरी एक पेपर होणार नाही. या शुल्कासाठीही सरकारने वर्षाला १५० कोटींची तरतूद केली आहे. म्हणजे वाचण्याचे पैसे वेगळे, छापण्याचे वेगळे, आणि दोन्ही जाणार बऱ्याच अंशी त्याच कंपन्यांकडे.

विकसनशील देशाने अशा वेळी काय करायचे, याचा एक धडा आपल्या शेजारी पुण्यातच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक दिला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा राहिला. त्याच पुण्यात २८ मे २००३ रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भारताने खुल्या सॉफ्टवेअरकडे वळावे, असे आग्रहाने सांगितले होते. परवाना विकणाऱ्या एका कंपनीवर देश अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार. जर्नलच्या बाबतीत आपल्यावर कुणी बंदी घातलेली नाही, फक्त किंमत लावली आहे. पण तीन वर्षांचा करार संपला की पुन्हा तेच तीस प्रकाशक आणि पुन्हा तीच बोलणी. भाड्याच्या घरात कितीही वर्षे राहिले तरी घर आपले होत नाही.

आणि खुला मार्ग आपल्याला येत नाही, असेही नाही. त्याच इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' पाहा. यूजीसीने २००९ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणे बंधनकारक केले, आज तिथे लाखो प्रबंध आहेत आणि ते वाचायला कुणाला ओळखपत्र दाखवावे लागत नाही. आयआयटींचे एनपीटीईएलचे व्याख्यान मी ओव्यात बसून ऐकतो, तुम्ही मालेगावात किंवा महाडमध्ये ऐकता. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश राज्य सरकारच्या पैशातून झाला, तो आज मोबाइलवर फुकट उघडतो. कुणी विचारत नाही की तू अनुदानित की विनाअनुदानित. ब्राझीलने तर १९९८ मध्येच 'सायेलो' नावाचे खुले व्यासपीठ सुरू केले आणि लॅटिन अमेरिकेतल्या शेकडो जर्नलना तिथे जागा दिली. ब्राझील काही श्रीमंत देश नव्हता. आपल्या केंद्रीय विज्ञान खात्यांनीही डिसेंबर २०१४ मध्ये धोरण केले की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत खुल्या भांडारात ठेवायची. धोरण चांगलेच होते. अंमल ढिला राहिला आणि दहा वर्षांनी आपण वर्गणीच्या रांगेत उभे राहिलो.

कायद्याच्या अंगानेही एक गोष्ट तरुणांना माहीत असायला हवी. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या पुस्तकांतली प्रकरणे तिथे संच करून मिळायची. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा ठोकला. एक झेरॉक्सवाला, समोर तीन जागतिक कंपन्या. विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना नोंदवली, वकील उभा केला आणि खटल्यात पक्षकार झाले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी प्रकाशकांचा दावा फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात प्रत काढण्याची मुभा आहे, आणि ती वर्गातल्या फळ्यापुरती मर्यादित नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने कायद्याचा हा अर्थ कायम ठेवला आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. खटला विद्यार्थ्यांच्या संघटनेने लढवला म्हणून तो झेरॉक्सवाल्यापुरता उरला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मात्र त्या निकालाने सगळेच दरवाजे उघडलेले नाहीत. चोरीच्या वाटेने पेपर देणाऱ्या 'साय-हब' या संकेतस्थळावर एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश झाला. साय-हबची बाजू घेण्यासाठी मी हे सांगत नाही. पण एका हाताने खिडकी बंद करताना दुसऱ्या हाताने दार कुणासाठी उघडले, हे तपासायला हवे. सरकारी संस्थेतल्या मुलाला आता साय-हबची गरज नाही. खासगी कॉलेजातल्या मुलीची खिडकीही गेली आणि दारही तिचे नाही.

आता समाजाचा प्रश्न. त्याच सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणात मुस्लिम विद्यार्थी २१.१ लाख होते, एकूण संख्येच्या पाच टक्क्यांहूनही कमी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा मात्र १४.२ टक्के. पदवीपर्यंत पोहोचणारेच इतके कमी, तर संशोधनापर्यंत किती पोहोचत असतील? जे पोहोचतात त्यांच्यासाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती, सहाही अल्पसंख्याक समाजांतल्या पीएचडी-एम.फिल.च्या विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की ती बंद करत आहोत, कारण ती इतर योजनांशी एकमेकांवर चढते. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत तिच्यावर ७३८.८५ कोटी रुपये खर्च झाले आणि ६,७२२ संशोधकांना ती मिळाली. आठ वर्षांची ही रक्कम म्हणजे जर्नलच्या वर्गणीचे साडेचार महिने. दोन्ही निर्णय एकाच टेबलावर झाले असे मी म्हणत नाही. पण संशोधन धोरणात पैसा कशाला मिळतो आणि कशाचा आटतो, हे शेजारी ठेवून पाहिले की दिसते. योगायोग असा की यूजीसी आणि पहिली आयआयटी ज्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली, त्या शिक्षणमंत्र्यांच्याच नावाची ही फेलोशिप होती.

मोहल्ल्यात हा विषय काढला की वडीलधारी मंडळी म्हणतात, "बेटा, पोरं दहावीत गळतायत आणि तू जर्नलचं काय घेऊन बसलास?" गळतीचे दुःख खरे आहे, मी रोज पाहतो. पण दोन्ही प्रश्न एकमेकांच्या आड येत नाहीत. दहावीतल्या मुलाला टिकून राहायला घरातले, गल्लीतले कुणीतरी पुढे गेलेले दिसावे लागते. आणि पुढे गेलेलीला शेवटच्या पायरीवर पेपरच्या किमतीने अडवायचे, हे कुठले शहाणपण? दुसरा आक्षेप असा की टप्प्याटप्प्याने होईल, घाई कशाला. माझ्या भाचीचा एम.फार्म. दोन वर्षांचा आहे. टप्पा येईपर्यंत तिचा प्रबंध बांधून जमा झालेला असेल.

मग मागायचे काय? पहिली गोष्ट, २०२७ अखेर करार संपतो, त्याच्या नूतनीकरणात 'सरकार चालवत असलेल्या संस्था' ही ओळ बदलून 'देशातला प्रत्येक मान्यताप्राप्त विद्यार्थी' अशी करा, आणि त्याचा बोजा फीवर टाकू नका. दुसरी, सार्वजनिक ग्रंथालये शेवटच्या टप्प्यावर ढकलू नका. जगभरातल्या ग्रंथालयांच्या करारांत एक साधी सोय असते, ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या कुणालाही तिथल्या संगणकावर जर्नल वाचता येते. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली, तिच्यात आमच्यासारखी २९ गावे आली. नवी मुंबईसाठी या पट्ट्याने जमिनी दिल्या, आता गावात मेट्रोचा आवाज येतो. एका अभ्यासिकेत चार संगणक आणि ही जोडणी मागणे जास्त होत नाही. तिसरी, सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक पेपरची प्रत खुल्या भांडारात ठेवलेली असल्याशिवाय पुढचा निधी देऊ नका. २०१४ चे धोरण आहेच, त्याला दात लावा.

तोवर जे पेपरसाठी अडले आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे. 'अनपेवॉल' नावाची मोफत सोय ब्राउझरला जोडा, पेपरची कायदेशीर खुली प्रत कुठे असेल तर ती दाखवते. औषध आणि वैद्यकशास्त्रासाठी पबमेड सेंट्रल, भौतिकशास्त्र-गणित-संगणकासाठी आर्काइव्ह. आणि संकोच सोडून लेखकाला ईमेल करा. गोषवाऱ्याच्या पानावर पत्ता असतो, बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात, कारण त्यांना पैसे मिळत नाहीत पण वाचक मिळाल्याचे सुख मिळते. माझ्या भाचीने चौदा जणांना लिहिले, अकरा जणांनी पाठवले. त्यातल्या एका बाईंनी तर तिच्या कामाबद्दल दोन प्रश्नही विचारले.

आम्ही पाच-सहा जणांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज तयार केला आहे, शिक्षण मंत्रालयाच्या उच्च शिक्षण विभागाला. तीनच प्रश्न आहेत. खासगी संस्थांचा टप्पा कोणत्या तारखेला सुरू होणार, सार्वजनिक ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्यांची सोय करारात आहे की नाही, आणि रायगड जिल्ह्यातल्या किती संस्थांना आज प्रवेश आहे. जिल्ह्याचे नाव बदलून तुम्हीही तो पाठवू शकता. केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर अर्ज होतो, शुल्क दहा रुपये, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. मजकूर मराठीतून लिहिला आहे, हिंदी-इंग्रजी करून देणारे कुणी असेल तर कळवा.